स्पोर्ट्स कार: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

रोज गर्दीतून जायचं असेल तर ऑटोमॅटिक घ्या, पण कोणती ते नीट बघा. टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारी) रांगत जाणं सहज सोसते. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार असतो, म्हणून पोर्शेचा पीडीके, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, हातापेक्षा कितीतरी झटपट बदलतो. मात्र चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत तर क्लच घसरून तापतो. तिथे ब्रेकच दाबा.

गाडी चालवायला शिकायची असेल तर माझं मत मॅन्युअलला. खालच्या गिअरसाठी इंजिनचा वेग चाकांशी जुळवायला, वळणाआधी ब्रेक दाबलेलाच ठेवून, क्लच खाली असताना, उजव्या पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला छोटा झटका द्या, खालचा गिअर टाका, क्लच सोडा. झटका कमी पडला तर रिअर व्हील ड्राइव्ह गाडीची मागची चाकं क्षणभर पकड सोडू शकतात. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर रेव्ह लिमिटरही (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) इंजिन वाचवत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

जुनी मॅन्युअल घेताना चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम उडाले, वेग तसाच राहिला, तर क्लच संपलाय. गिअर टाकताना, विशेषतः दुसरा, खरखर आली तर सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी रिंग) झिजलाय. त्यासाठी गिअरबॉक्स उघडावाच लागतो.