बत्तीस गुंठ्यांची गाडी

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय 47. रस्त्यासाठी आमचं एक एकर रान गेलं, त्याचे 58 लाख येत्या महिन्यात खात्यावर जमा होतील. अडीच एकर बाग शिल्लक आहे. चांगल्या वर्षी खर्च वजा जाता 9 लाख राहतात, गेल्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस झाला आणि 3 लाखांवर आलो. सोसायटीचं 3 लाखांचं पीक कर्ज, औषध दुकानाची अडीच लाख उधारी आणि साडेतीन लाखांचं सोनेतारण आहे. मुलगी 22 वर्षांची, पुढच्या वर्षी लग्न करायचंय. मुलगा बारावीला. चुलतभावाने फॉर्च्युनर घेतली. आमची ऑन रोड 46 लाखांना पडतेय. 20 लाख रोख भरून 26 लाखांचं कर्ज काढावं असा विचार आहे. भावकीत मान राहतो, सोयरिकीलाही उपयोग होतो. आयुष्यभर राबलो, आता थोडं सुख भोगू नये का?

उत्तर: सुख जरूर भोगा. राबलेल्या माणसाने गाडी घेऊ नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मानालाही मी हसत नाही. आपल्याकडे सोयरीक जमवताना पाव्हणे आधी दारात काय उभं आहे ते बघतात आणि मग चहाला बसतात, हे सांगलीत राहून मला न कळायला मी काही मुंबईचा नाही. पण तुमच्या पत्रात चुलतभाऊ फार मोठी जागा अडवून बसलाय, आणि घरच्या माणसाचा, म्हणजे वहिनींचा, एका शब्दानेही उल्लेख नाही. त्यावर शेवटी येतो.

आधी त्या 58 लाखांचं बघू. तुम्ही त्यांच्याकडे बक्षीस लागल्यासारखं बघताय. ते बक्षीस नाही आणि कमाईही नाही. ते तुमचं रानच आहे, फक्त आता पासबुकात आहे. एकराचे 58 लाख म्हणजे गुंठ्याला 1 लाख 45 हजार. या हिशेबाने 46 लाखांची गाडी म्हणजे जवळजवळ 32 गुंठे. 26 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण 41,800 रुपये बसतो आणि नुसतं व्याज 9 लाखांच्या पुढे जातं. व्याजासकट गाडी 55 लाखांना पडली, म्हणजे 38 गुंठे. राहिले दोन. वडिलांनी राखलेल्या एकराचे दोन गुंठे ठेवून बाकीचं दारात उभं करायचं, असा हा व्यवहार आहे. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग आणि दरवर्षीचा विमा मी यात धरलेलाच नाही.

‘फॉर्च्युनरला रिसेल चांगली आहे’ हे तुम्ही मला सांगणारच. आहे, मान्य. पण महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या डिझेल गाडीला 15 टक्के रस्ता कर लागतो, आणि गाडी विकताना तो काही गिऱ्हाईक तुम्हाला परत देत नाही. विम्याच्या तक्त्यात तर चार वर्षं उलटून पाचवं लागलं की गाडीची किंमत निम्मी धरतात. शिवाय मानासाठी घेतलेली गाडी विकून कुणी लहान गाडीवर आलेला मी अजून पाहिला नाही. विकतात ते नवं मॉडेल घ्यायला.

मला खरी भीती हप्त्याची आहे. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. बागेचे पैसे येतात वर्षातून एकदा, तेही व्यापाऱ्याने दिले तर. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग औषधं, मजूर, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग. पैसा बाहेर जायच्या त्याच महिन्यांत 41,800 वेगळे काढायचे. वर्षाचे ते 5 लाख होतात, आणि गेल्या वर्षी तुमच्या हातात राहिले 3. पुन्हा दावणी रोग आला किंवा घड जिरले तर हप्ता कुठून भरणार? बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून उचल घ्याल. म्हणजे दर वाढायची वाट बघायची ताकदही गाडीने काढून घेतली. नोकरदाराला परवडणारं कर्ज बागायतदाराला परवडत नाही ते याच कारणाने. तुमचं उत्पन्न त्याच्यापेक्षा कमी असेल असं नाही, ते फक्त महिन्याच्या महिन्याला येत नाही.

आता सुखाचं. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. अभ्यास झाला त्या काळात दर आठवड्याला एक पिनकोड निघायचा, आपल्या एखाद्या गल्लीएवढा. तिथे ज्यांनी तिकीट घेतलेलं असायचं त्यांना तिकिटामागे 12,500 युरो मिळायचे आणि त्यातल्या एका घराला नवी बीएमडब्ल्यू. अर्थशास्त्रज्ञांनी या गल्ल्यांमधल्या घरांकडे चौकशी केली आणि 2011 साली निष्कर्ष छापले. सहा महिन्यांनी विजेते आधीपेक्षा जास्त सुखी दिसले नाहीत. गंमत पुढे आहे: विजेत्यांच्या शेजारची, ज्यांना दमडीही लागली नव्हती अशी घरं, नवी गाडी घेण्यात इतरांच्या पुढे होती. तिकडच्या गल्लीतही भावकी आहे म्हणायची.

पैशाने सुख येतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ते बहुधा पोट भरलेल्या माणसांचं बोलणं असतं. औषध दुकानासमोरून जाताना मान खाली घालावी लागत नाही, मुलाच्या प्रवेशाच्या वेळी कुणाकडे हात पसरावा लागत नाही, हे सुख पैशानेच येतं. पाऊस पडला तरी रात्री झोप लागणं हेही. मी स्वतः एकदा पक्षकारांवर छाप पडावी म्हणून ऐपतीबाहेरची गाडी घेतली होती. पहिल्याच आठवड्यात कुपवाडच्या एका जुन्या पक्षकाराने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, ‘फी वाढवली काय?’ दीड वर्षात ती विकली.

तुमच्या जागी मी असतो तर आधी सोनेतारण आणि दुकानाची उधारी, मिळून 6 लाख, मोकळी करून टाकली असती. सोसायटीचं कर्ज मात्र घाईने फेडू नका. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं की व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडतं. एवढा स्वस्त पैसा तुम्हाला दुसरं कुणी देणार नाही. घर आणि बाग मिळून एका वर्षाच्या खर्चाचे 9 लाख ठेवीत बाजूला टाका. ते दोन बँकांत विभागा, कारण ठेव विम्याचं कवच एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच मिळतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नसतं, मग अर्धा टक्का जास्त मिळो नाहीतर दोन. मुलाच्या शिक्षणाला 12 लाख, मुलीच्या लग्नाला 10. लग्नाचा आकडा भावकीला विचारून ठरवू नका.

राहिले 21 लाख. त्यात तीन-चार वर्षं वापरलेली सात सीटर गाडी रोखीने घ्या, 8 लाखांच्या आत. कंपनीच्या सर्व्हिसिंगची नोंद बघा, आणि पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी नाही याची ओळखीच्या मेकॅनिककडून खात्री करून घ्या. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. लग्नाच्या दिवशी दारात मोठी गाडी हवीच असेल तर ती दिवसाच्या भाड्याने मिळते.

उरलेल्या 13 लाखांचं रान बघा. तुमच्या शिवारात त्या पैशात फार येणार नाही, पण म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांचं पाणी पोचलेल्या भागात चौकशी करायला काय हरकत आहे? गेलेल्या एकराचं उत्पन्नही गेलंय, हे तुमच्या हिशेबात कुठेच नव्हतं. रान मनासारखं मिळेपर्यंत पैसे ठेवीत राहू द्या. या काळात दामदुप्पट घेऊन येणारा माणूस नक्की येईल, बहुतेक ओळखीचाच असेल. त्याला चहा पाजा.

आता वहिनींचं. साडेतीन लाखांच्या सोनेतारणात काय ठेवलंय हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते तुमच्या गळ्यातलं नसावं. खात्यावर रक्कम जमा झाली की पहिल्या आठवड्यात ते सोडवून घरी आणा. शोरूमला टेस्ट ड्राइव्हला त्यानंतर जा, वहिनींनाही न्या. डिझेल शोरूमचंच असतं.