सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडतंच. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, चिडक्या आतड्याचा त्रास) म्हणजे मनाचे खेळ का?

नाही. तुमची सोनोग्राफी, रक्त, कोलोनोस्कोपी सगळं नीट आलं म्हणून घरचे तसं म्हणत असतील, माझेही म्हणायचे. मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं या पोटाशी संसार केलाय. डोंबिवली ते दादर कुठल्या स्टेशनात संडास कोणत्या टोकाला, हे एकेकाळी तोंडपाठ होतं.

यात आतड्याला जखम किंवा गाठ नसते, बिघाड चालण्यात असतो. आतडं कधी घाईने ढकलतं, कधी ढिम्म हलत नाही. शिवाय त्याच्या नसा हळव्या होतात. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या गॅसने आपल्याला कळ येते. कॅमेऱ्यात हे दिसणार कसं? ताणाने त्रास वाढतो हे खरं, पण माझा सुरू झाला तो जुलाबाच्या एका जबर आजारानंतर. असं बऱ्याच जणांचं होतं.

आयबीएस ओळखायला डॉक्टर 2016 चे 'रोम' नावाचे निकष बघतात: गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा शौचाशी संबंध. म्हणजे जाऊन आल्यावर दुखणं कमी-जास्त होणं, किती वेळा जावं लागतं ते बदलणं, शौच पातळ किंवा खड्यासारखं होणं, यातलं किमान दोन. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. नुसत्या गॅसला आयबीएस म्हणत नाहीत. आणि रक्त पडणं, वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काहीही असेल तर इथली उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे परत जा.

खाण्याचं म्हणाल, तर 'फायबर खा' ऐकून मी गव्हाचा कोंडा खाल्ला आणि पोटाचा ढोल झाला. इसबगोल मात्र मानवलं. माझा खरा शत्रू निघाला लसूण. त्यातलं फ्रुक्टन, म्हणजे आतड्यात गॅस करणारं एक कर्बोदक, पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून आमटीत शिजवलेल्या पाकळ्या ताटात बाजूला काढून उपयोग नसतो. आता मी तेलात लसूण परतते, सगळ्या पाकळ्या काढून टाकते आणि मग त्याच तेलात फोडणी करते. वास येतो, कळ येत नाही. काढलेल्या पाकळ्या नवरा मिटक्या मारत खातो.