रिकामा पाळणा का हलवायचा नाही?

लाडक्या चिऊ,

काल गॅरेजमध्ये आजोबांनी केलेल्या पाळण्याला तू एक झोका दिलास आणि आजी आतून धावत आली. "रिकामा पाळणा हलवू नये गं!" तू "का?" विचारलंस, तर "नाही हलवायचा म्हणजे नाही" एवढंच म्हणाली. रात्री तू मला तेच विचारलंस. वर आणखी एक, की दुकानात क्रिब, म्हणजे बाळाची कठड्याची खाट, मिळते, मग आजोबा महिनाभर लाकूड का तासताहेत? मी उद्यावर ढकललं. बाळ पोटात असताना ते तोंडाने बोलणं मला जड जात होतं, म्हणून लिहिते आहे.

आजीच्या पाठचा भाऊ तीन महिन्यांचा असताना गेला. पाळणा तसाच तुळईला टांगलेला होता. लहानग्या आजीने जाता-येता त्याला हात लावला, आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, जी रडायला लागली ती थांबेना. त्याच संध्याकाळी पाळणा माळ्यावर गेला. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात पाच-सहा बाळांमागे एक बाळ वर्षाचं व्हायच्या आत जाई. असा पाळणा घरोघरी होता गं. आत कुणी नसताना हलणारा पाळणा त्या बायांना बघवत नसणार, आणि मला वाटतं, त्यातूनच हे "हलवू नये" आलं असावं. कारण कुणी सांगत बसलं नाही, कारण सांगायचं म्हणजे ते दुःख पुन्हा काढायचं.

लाकूड हलल्याने बाळाला काही होत नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. तरी हलवू नकोस. आजीच्या पोटात गोळा येतो, एवढं कारण मला पुरेसं आहे.

आता आजोबांचं. त्यांचीही काळजी तीच आहे, फक्त ते बोलत नाहीत, मापं घेतात. छोटा पाळणा बारशासाठी झाला. रात्रीच्या झोपेसाठी ते जी क्रिब करताहेत तिच्या दोन गजांमधलं अंतर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नियमाप्रमाणे सव्वादोन इंचांच्या थोडं वर, म्हणजे 6 सेंटीमीटर, त्याहून जास्त चालत नाही. जास्त झालं तर बाळाचं अंग फटीतून बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. आजोबांनी साडेपाच सेंटीमीटरचा एक ठोकळा कापून घेतलाय आणि प्रत्येक गज बसवताना तो मध्ये धरतात. कोपऱ्यांचे खांब वर डोकावू दिले नाहीत, कारण त्यात बाळाचा कपडा अडकू शकतो. गादी आणि कडेच्या मध्ये दोनपेक्षा जास्त बोटं शिरली तर गादी छोटी आहे असं समजायचं. ती बोटं ते तुझी नाही, स्वतःची घालून बघतात, हे तू पाहिलंच असशील.

एकच गोष्ट त्यांना मनापासून हवी होती. आजीला वाकावं लागू नये म्हणून एक बाजू खाली सरकणारी करायची. तसं चित्रही काढलं होतं. मी सांगितलं की अशा क्रिब विकायला इथे जून 2011 पासून बंदी आहे, कारण ती बाजू निसटून मुलं अडकली होती. ते काही बोलले नाहीत. चित्र घडी करून खिशात ठेवलं आणि चारही बाजू पक्क्या केल्या.

खिळा एकही नाही. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारं कुसू. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, त्यात खिळा सैल होतो. सागवानाची त्यांना ओढ होती, पण इथे मेपल मिळालं, आणि आता तेच त्यांना आवडायला लागलंय, कठीण आहे, वास नाही, गुळगुळीत होतं. वर रंग नको म्हणाले. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे हात देणार आहेत. बाळ दात येताना कठडा चावणार, हे त्यांनी धरूनच ठेवलंय.

आजीने जुन्या साडीची गोधडी शिवली आहे, ती क्रिबमध्ये ठेवायची नाही. तिथे सपाट, घट्ट गादी, बाळ पाठीवर, बाकी काही नाही. आजीला वाईट वाटलं. बाळ मांडीवर असेल तेव्हा गोधडी तिची.

आणि बारशाला एक गंमत असते. पुष्कळ घरांत बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, म्हणजे बाळ येतं तेव्हा पाळणा रिकामा नसतो. तेव्हा झोका द्यायला तुला कुणी अडवणार नाही. आपल्याकडे वरवंटा नाही, पण आजी म्हणते, खलबत्त्यातला बत्ता चालेल. टोपडं तू शिवायचंस असं ठरलंय. माप घ्यायला बत्ता ओट्यावर काढून ठेवलाय.

तुझी,
आई