दुकानदार म्हणतो, नवा घ्या

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१५ सालचा आहे. आय-थ्री, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकते, तो पिऊन होतो तरी पडदा फिरतोच आहे. बॅटरी पंधरा मिनिटं. मी घरी संस्कृतच्या शिकवण्या घेते. झूम आणि टायपिंग, एवढंच काम. दुकानदार म्हणाला, "आंटी, नया ले लो." साडेतीन हजारांत काही होईल का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, होईल. पण पैसे कुठे घालायचे नाहीत ते आधी ठरवा. बॅटरीत नकोत. तुम्ही घरीच बसून शिकवता. वीज गेली तर फाइल सेव्ह करायला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. फक्त टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली समजा. मग त्याच दिवशी ती काढून घ्या.

दुखणं बहुतेक हार्डडिस्कचं आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा आकडा पाहा. काहीच चालू नसताना तो १०० टक्क्यांवर अडकला असेल तर निदान झालं. आतली तबकडी फिरवून वाचणारी डिस्क काढून त्याच जागी अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसते. २५६ जीबीची तुम्हाला पुरे. माझा स्वतःचा २०१३ चा डबा याच एका बदलावर अजून चालतो आहे, आणि घरात त्याला कुणी हात लावू देत नाही, मलासुद्धा.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन दुकानांत भाव विचारा. हे भाव सारखे हलतात. पैसे उरले तर ४ जीबी रॅम वाढवा, पण डीडीआर३एल, म्हणजे कमी व्होल्टवर चालणारा प्रकार, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ कुणी गळ्यात मारू नये. रॅमची खाच मोकळी आहे का, ते झाकण उघडून दाखवायला सांगा. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातला कचरा काढून प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, आता वाळलेली पेस्टही बदलून घ्या.

आता विंडोज. १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच मागतं. तुमची पाचवी. जुगाड करून बसवून देणारे भेटतील, मी बसवणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली घाला; तिची एक्सएफसीई आवृत्ती फुकट आहे, हलकी आहे, झूम चालतं, देवनागरी टाइप होतं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, काही पुसलं जात नाही.

एक अडचण मात्र येईल. जुन्या नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर लिनक्सवर रामः, रामौ, रामाः ऐवजी भलतीच चिन्हं दिसतील. विंडोज काढण्याआधी त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, करून पेनड्राइव्हवर घ्या. आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या.