वाचकांचे प्रश्न : हिवाळा, टायर आणि मागून ढकलणारी गाडी

दिवाळी झाली की टायरची पत्रं वाढतात. या वेळी मागच्या चाकांना ताकद असणाऱ्या गाड्यांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, सगळ्या पिकअप आणि इनोव्हा क्रिस्टा या त्यातल्या. (इनोव्हा हायक्रॉस मात्र पुढच्या चाकांवर चालते. नाव एकच असलं तरी खालचे सल्ले तिला जसेच्या तसे लावू नका.)

प्रश्न : बोलेरो आहे. शेताचा रस्ता अर्धा डांबरी, अर्धा पाणंद. कारखाना सुरू झाला की पहाटे डांबरी रस्त्यावरच गाडीचं मागचं अंग सरकतं. टायर बदलायला आलेत. दुकानदार म्हणतो मोठ्या बटनांचे मड टायर टाका, मुलगा म्हणतो विंटर टायर मागवू. काय घ्यावं? – एक वाचक, केज

दोन्ही नको.

विंटर टायरचं रबर मऊ असतं. तापमान 7 अंशांच्या खाली गेलं की साधं रबर ताठरतं, तेव्हा हे लवचिक राहतं. आपल्याकडे परभणीत पारा एखाद्या पहाटे पाच-सहावर येतो खरा, पण त्याच दिवशी दुपारी 28 असतो. त्या उन्हात विंटर टायर भराभर झिजतो, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि वळणावर लडबडते. एप्रिलपर्यंत तर त्याची पार वाट लागेल.

तुमची गाडी थंडीमुळे सरकत नाही. उसाच्या ट्रॉल्या रानातून डांबरीवर चढतात, त्या जागी चाकांची माती पन्नास-शंभर मीटरपर्यंत सांडत जाते. वर पाचट, चिरडलेला ऊस, आणि त्यावर दव. पाऊस निदान माती धुऊन नेतो. दव फक्त तिचा पातळ लेप करून ठेवतं. नऊ-साडेनऊला ऊन लागलं की तोच रस्ता कोरडा ठणठणीत होतो, म्हणून दिवसा कुणाचा विश्वास बसत नाही. रिकाम्या बोलेरोत मागच्या चाकांवर वजन कमी, ताकद मात्र तिथंच. त्यामुळं वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागचं अंग बाहेर जातं.

अशा लेपावर पकड देतात टायरच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा. मड टायरवर ठोकळे मोठे आणि चिरा जवळपास नसतातच. ओल्या डांबरावर तो साध्या टायरपेक्षा वाईट थांबतो, आवाज करतो, डिझेल जास्त पितो. तुमच्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या वापराला ऑल टेरेन, म्हणजे दुकानात ज्याला ए/टी म्हणतात तो घ्या. हात फिरवून बघा: ठोकळ्यांवर चिरा भरपूर हव्यात, आणि त्या वरवरच्या नकोत, खोलवर गेलेल्या हव्यात. गाडी मुख्यतः गाव ते बीड, अंबाजोगाई अशी डांबरीवरच फिरत असेल, तर साधा एच/टी, म्हणजे हायवेचा टायर पुरे.

पाणंदीचं म्हणाल तर भिजल्या काळ्या मातीत दोन चाकांच्या ताकदीला कुठलाच टायर पुरा पडत नाही. ही माती पाणी धरून फुगते, नक्षीत गच्च बसते आणि दोन फेऱ्यांत टायर गोट्यासारखा गुळगुळीत होतो. मड टायर माती झटकतो, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं, आणि जोरात फिरलं की ते खड्डा करून ॲक्सल टेकवतं. अवकाळी झाल्यावर पेरणीला जसा वापसा बघता तसाच गाडी घालायलाही बघा.

साइजचा मोह टाळा. बोलेरोचा 215/75 आर 15 हा टायर साधारण 703 मिमी उंच भरतो. त्याच डिस्कवर (रिमवर) 235/75 चढवला तर उंची 733 होते, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी जास्त. मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 62-63 वर असेल, पिकअप मंदावेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता. साइजच्या पुढे लिहिलेला भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको: 95 म्हणजे एका टायरवर 690 किलो, 100 म्हणजे 800.

शेवटी बाजूवरचे चार आकडे वाचा. 3424 म्हणजे 2024 सालचा 34वा आठवडा. ‘स्वस्तात देतो’ म्हटलं की आधी हे आकडे बघायचे. आपल्या उन्हाळ्यात रबर लवकर वाळतं. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर बाजूला केसासारख्या भेगा दिसू लागल्या की टायर उतरवा.

प्रश्न : ईकोला सध्या दोनच नवे टायर परवडतात. पंक्चरवाला म्हणतो नवे पुढे टाका, स्टिअरिंग पुढेच असतं. बरोबर का? – एक वाचक, परळी

नाही. नवे मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते; पाय उचलला, वेग उतरला की बहुधा ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीलाही हाच नियम आहे. तुमच्या ईकोत मागच्यांनाच जोर लावायचा असतो, त्यामुळं वादच नाही.

मात्र मागे नवे टाकले म्हणजे पुढे गुळगुळीत चालतील असं नाही. नक्षीच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. टायर त्यांच्याशी सपाट झाला म्हणजे 1.6 मिमी उरली. ती कायद्याची हद्द. ओल्या रस्त्याचा विचार केला तर आम्ही 3 मिमीलाच बदला म्हणू. एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला अशी जोडी मागे लावली तर दोघांचे फेरे वेगळे पडतात आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा, विनाकारण सतत काम करत राहतो. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर मागे अजिबात नको, आणि ईकोतून शाळेची पोरं नेत असाल तर कुठेच नको.

प्रश्न : डिसेंबरात रोज सकाळी हवेचा पिवळा दिवा लागतो, दुपारी आपोआप जातो. पंक्चर नाही. नायट्रोजन भरावा का? – एक वाचक, जालना

दिवा खरंच सांगतोय. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की हवा साधारण 1 पीएसआयने (पंपावरच्या काट्याचा एक आकडा) उतरते. दुपारी 32 अंशांत 33 भरली आणि पहाटे 10 अंश झाले, तर टायरमध्ये 29 उरते. त्यात बहुतेकांची हवा भरायची वेळ चुकते. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो, आणि पोरगा तेवढी हवा सोडून देतो. दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये आणखी तूट.

हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवरचा. टायरच्या बाजूवर लिहिलेला नव्हे, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. पट्टीवर भरल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे असतात, तेही पाळा. तापलेल्या टायरची हवा कधीच सोडू नका. नायट्रोजनसाठी पैसे घालवू नका: साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तेवढाच आकसतो. त्यापेक्षा काटा विकत घेऊन गाडीत ठेवा, आणि स्टेपनी तपासायला विसरू नका.

प्रश्न : पिकअपमध्ये मोसंबी नेतो. जाताना गाडी रुळावर असते, रिकामी परतताना पहाटे कन्नड घाटात मागचं चाक जागेवर फिरतं. वजन टाकावं का? – एक वाचक, अंबड

टाका, पण कुठे आणि किती हे महत्त्वाचं. वाळूची 25-30 किलोची तीन पोती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, दोरीनं आवळून. फळीजवळ शेवटी टाकली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मोकळी टाकली तर ब्रेक लागताच केबिनकडे येतात. दगड नकोत. आणि वजन हे पकडीपुरतं आहे. थांबायला गाडी त्यानं जराही लवकर थांबणार नाही, उलट अंतर वाढेल.

मागच्या टायरमध्ये मालासाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीला जास्त होते. टायर मधोमध फुगून थोड्याच जागेवर टेकतो. रोज कमी-जास्त करणं जमत नसेल तर निदान परतीचा घाट धुक्यात, ओला असेल तेव्हा वेग उतरवा. उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडू नका: इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि हलकं मागचं अंग तिथंच सुटतं. सुटलंच तर क्लच दाबा, ब्रेकवरून पाय काढा आणि मागचं अंग ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा, हलक्या हातानं.

प्रश्न : डिसेंबरअखेर कुटुंबासह क्रिस्टा घेऊन मनालीला जायचं आहे. वेगळे टायर घ्यावेत का? – एक वाचक, लातूर

लातूर ते मनाली यातला बहुतांश रस्ता उन्हाचा आणि कोरडा. तेवढ्यासाठी विंटर टायर घेण्यात अर्थ नाही. चारही टायरची नक्षी 5 मिमीच्या वर असेल तर तेच घेऊन जा, सोबत साखळ्यांची एक जोडी घ्या. साखळ्या मागच्या चाकांना लागतात, ताकद तिथं आहे म्हणून. पुढे लावून उपयोग नाही. तुमच्या टायरच्या साइजच्याच घ्या आणि घरी अंगणात एकदा लावून बघा, चाक फिरवून आतल्या बाजूला ब्रेकच्या पाइपला घासत नाहीत ना हे पाहा. बर्फात, अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदा लावायचा खेळ नको.

लावताना साखळी चाकावर पसरायची, आधी आतला हूक, मग बाहेरचा, मग ताण. पन्नास-शंभर मीटर जाऊन उतरायचं आणि पुन्हा आवळायचं. पहिल्यांदा ती ढिली पडतेच. वेग 30 च्या आत ठेवा. डांबर उघडं दिसलं की काढायची, नाहीतर साखळी तुटून मडगार्ड फाडते. आणि ध्यानात घ्या: साखळी मागे असल्यानं गाडी चढते, पण पुढची चाकं वळवायला तिची मदत नाही. उतारावरच्या वळणाला त्यामुळं आधीच हळू.

बर्फ दिसतो तिथं माणूस सावध असतोच. फसवतो तो सावलीतल्या वळणावरचा आणि पुलावरचा, काचेसारखा न दिसणारा थर. सुटताना दुसरा गिअर, क्लच सावकाश. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा, चालूच ठेवा. गाडी रुतली आणि मागे-पुढे झुलवून काढायची असेल तेवढ्यापुरताच बंद करा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलावा गोठला की तो चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. कूलंटमध्ये नुसतं पाणी घालून चालवत असाल तर निघण्याआधी कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं करून घ्या. डिझेल मनालीत भरा. इकडचं डिझेल कडक थंडीत मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो.

एवढं करूनही बर्फ पडत असताना सोलंग किंवा अटल बोगद्याकडे पोलिस बऱ्याचदा फोर बाय फोर आणि साखळीवाल्याच गाड्या सोडतात. तिथं हुज्जत घालण्यात मजा नाही. क्रिस्टा हॉटेलवर ठेवा आणि स्थानिक गाडी करा. आमच्या मते मुलं सोबत असताना तेच शहाणपणाचं.

प्रश्न : मुलगी म्युनिकला शिकते. तिनं जुनी बीएमडब्ल्यू घेतली आहे, मागच्या चाकांची. ती म्हणते मागेच दोन विंटर टायर टाकते, पैसे वाचतील. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

तिला आजच फोन करा. चारही लागतील. फक्त मागे टाकले तर गाडी सुटेल छान, पण पुढची ताठरलेली चाकं ना वळतील ना थांबतील.

जर्मनीत तारखेचं बंधन नाही. रस्त्यावर बर्फ, गोठण किंवा बर्फाळ चिखल असेल तेव्हा हिवाळी टायर हवेच. 1 ऑक्टोबर 2024 पासून तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेलाच टायर धरला जातो. जुन्या टायरवरचं नुसतं ‘एम+एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) आता चालत नाही. जुनी गाडी घेताना सोबत मिळालेला संच हाच असण्याची शक्यता मोठी, म्हणून बाजू वाचायला सांगा. नसेल तर दंड 60 युरोपासून सुरू होतो. नक्षी कायद्यानं 1.6 मिमी पुरते, पण बर्फावर 4 मिमीच्या खाली काही उपयोग नाही. आणि म्युनिकहून साल्झबुर्ग जवळ असल्यानं तिथं ती जाणारच, तर ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात विंटर टायरला 4 मिमी हा नियमच आहे.

ती खूण असलेले ऑल सीझन टायरही मिळतात. उत्तरेकडच्या सपाट शहरात ते घ्या म्हटलं असतं. म्युनिकला, तेही मागच्या चाकांच्या गाडीला, खरे विंटर टायरच. दुसऱ्या डिस्कच्या संचावर बसवून घेतले तर दर सहा महिन्यांनी काढ-घाल स्वस्त पडते. उतरवलेल्या चाकांवर खडूनं जागा लिहून ठेवायची, थंड अंधाऱ्या जागी ठेवायची. आणि चाकं बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटर चालवून झाले की बोल्ट पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्कच्या पान्यानं पुन्हा तपासायचे.