नेपिअर डोक्यावर गेलं, मग दूध का उतरलं?

दोन गाई, वीस गुंठे, सगळं संकरित नेपिअर गवत, चारा ढीगभर आणि तरी दूध घटलं, असं तुम्ही विचारलंय. आधी सकाळी गव्हाणीत काय उरलंय ते हातात घेऊन बघा. बोटाएवढे कडक दांडके उरत असतील तर चारा कमी नाही, जून झालाय. उंचीचा मोह सगळ्यांनाच होतो (मलाही होता), पण उंच नेपिअरमध्ये पाला कमी नि काडी जास्त. पहिली कापणी 60-75 दिवसांनी, पुढच्या दर 45-50 दिवसांनी घ्या.

तरी गवत ते गवतच. कोवळ्या नेपिअरच्या शुष्क भागात (पाणी वगळून उरतं त्यात) प्रथिनं 8-10 टक्के, लसूणघासात 18-20 च्या आसपास. त्यात पाच किलो नेपिअरमध्ये चार किलो पाणीच. 400 किलोच्या गाईला रोज 10-12 किलो शुष्क भाग लागतो, 25 किलो नेपिअरमधून जेमतेम पाच मिळतो. बाकीचा कडबा नि पेंडीतून.

म्हणून पाच गुंठे लसूणघासाला काढा. पाणी बारमाही नसेल तर चवळी करा. नेपिअरच्या ओळींत चवळी फक्त लावणीच्या वेळी येते, पुढे सावलीत दबते. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा नि लगेच पेरा. महिन्याभरानं एक रोप खुरप्यानं उकरा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवी असेल तर नुसती शोभा. घासावर अमरवेलीचे पिवळे धागे दिसले तर तेवढा तुकडा मुळासकट काढून जाळा.

लसूणघास ओला घालू नका. मी एकदा दंवातला घास उपाशी गाईपुढे टाकला. तासाभरात पोटफुगीनं डावी कूस ताशासारखी ताणली, डॉक्टर वेळेत आले म्हणून निभावलं. आता कापून दोन-तीन तास सुकवतो, आधी कडबा टाकतो, मग नेपिअरच्या कुट्टीत मिसळून गाईला पाच-सहा किलो. सुरुवात एका किलोनं करा, आठ-दहा दिवसांत वाढवा. तोवर पेंड कमी करू नका.

आणि उभं नेपिअर एकदम आडवं करू नका. सात पट्टे पाडा, आठवड्याला एक कापा. सातवा संपेपर्यंत पहिला पुन्हा कापणीला आलेला असतो. पहिल्या फेरीत जून चारा येईलच, तो कुट्टी बारीक करून खपवा.