दोन ‘फ्रँकेन्स्टाईन’, वाचायची कोणती?

प्रश्न : आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनगट जमतो. या खेपेला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ घेतली आहे. माझ्या प्रतीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची, म्हणजे निर्जीव देहात जीव घालून प्राणी घडवणाऱ्या नायकाची, आतेबहीण आहे, तर मैत्रिणीच्या प्रतीत ती इटलीतल्या गरीब घरातून आणलेली पोरकी मुलगी! पुस्तकं दोन्ही इंग्रजीच. मग चूक कुणाच्या प्रतीत आहे? आणि वाचायची कोणती?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : चूक कुणाच्याच प्रतीत नाही. तुमच्या हातात १८१८ची मूळ कादंबरी आहे, मैत्रिणीच्या हातात मेरीनेच १८३१मध्ये सुधारलेली. स्वस्तात मिळणाऱ्या प्रतींमध्ये बहुधा १८३१चाच मजकूर असतो, त्यामुळे गटात तुम्हीच एकट्या पडला असाल.

पहिली आवृत्ती लंडनमध्ये निघाली १ जानेवारी १८१८ला. आपल्याकडे पेशवाई बुडाली तेच साल. तीन खंड, ५०० प्रती आणि लेखिकेचं नाव कुठेच नाही. मेरी तेव्हा वीस वर्षांची होती, प्रस्तावनाही नवऱ्याने, कवी पर्सी शेलीने, लिहिलेली. तिचं नाव छापलं गेलं १८२३च्या आवृत्तीवर. १८३१मध्ये कादंबरी एका खंडात निघाली, तेव्हा मेरीने मजकुरावर हात फिरवला आणि स्वतःची प्रस्तावना जोडली. बदल मुख्यतः शैलीचे आहेत, कथेला धक्का लावलेला नाही, असं ती त्यात म्हणते. मला ते अजिबात पटत नाही.

व्हिक्टरच्या लहानपणीचा विजेचा प्रसंग काढा. वीज पडून घराजवळच्या ओकच्या झाडाच्या चिंधड्या होतात. १८१८च्या प्रतीत ही वीज म्हणजे काय, हे वडीलच मुलाला समजावतात. छोटं यंत्र बनवतात, तार लावून पतंग उडवतात, ढगातली वीज खाली उतरवून दाखवतात. मला हे पान फार आवडतं. विज्ञान इथे घरातलं, बापाच्या हातचं आहे. १८३१मध्ये ते सगळं गेलं. तिथे घरी आलेले कुणी विद्वान गृहस्थ वीज समजावतात, आणि पाठोपाठ व्हिक्टर सांगतो की माझा नाश नियतीने आधीच लिहून ठेवला होता. पुढे विद्यापीठात वाल्डमन सरांचं व्याख्यान होतं, तर तेही सरांचे नव्हे, नियतीचे शब्द म्हणे!

ठाण्यात कॉलेजात शिकवायचे तेव्हा नेमलेला मजकूर १८३१चा होता. मुलं व्हिक्टरला चटकन माफ करून टाकायची. ‘बिचाऱ्याचं नशीबच फुटकं, मॅडम.’ मग मी १८१८ची तीच पानं झेरॉक्स काढून वाटायचे आणि वर्गात वाद पेटायचा. या माणसाला थांबता आलं असतं, तो थांबला नाही, आणि निर्माण केलेल्या जिवाला टाकून पळाला. दोष कुणाचा, हा प्रश्न तिथे उघडा राहतो.

दुसरी जागा जस्टिनच्या फाशीची. ही व्हिक्टरच्या घरची मोलकरीण, तिच्यावर त्याच्या लहान भावाच्या खुनाचा खोटा आळ येतो. निरपराध मुलीला फासावर चढवणार म्हणून १८१८ची एलिझाबेथ संतापते. एका खुनाबद्दल दुसरा जीव हालहाल करून घ्यायचा, रक्ताने माखलेल्या हातांनी त्याला न्याय म्हणायचं, असं ती तुरुंगात उभी राहून बोलते. १८३१मध्ये हा संताप गाळला आहे. आतेबहीण की पोरकी, यापेक्षा हा बदल मला जास्त बोचतो.

मेरीने असं का केलं असेल? मधल्या तेरा वर्षांत मुलगी क्लारा गेली, मुलगा विल्यम गेला, १८२२मध्ये पर्सी समुद्रात बुडाला. इतकं सोसलेल्या बाईला माणसाच्या हातात फारसं काही नसतं असं वाटलं, तर मला त्याचं नवल वाटत नाही. म्हणून १८३१ची आवृत्ती मी टाकाऊ म्हणणार नाही. १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ कवी बायरनने सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायला सांगितलं आणि मेरीला झोपेच्या उंबरठ्यावर तो प्राणी दिसला, ही हकीकत आपल्याला तिच्याच प्रस्तावनेतून कळते. शिवाय एक भर आपण तरी वाचायलाच हवी. व्हिक्टरचा मित्र क्लेर्व्हल १८१८मध्ये भाषांच्या ओढीने शिकतो. १८३१मध्ये त्याला हिंदुस्थानात यायचं असतं, आणि तेही युरोपच्या वसाहती आणि व्यापार वाढवायला. इतका गोड स्वभावाचा मित्र, आणि मनसुबा हा!

तेव्हा आधी १८१८ची वाचा. नंतर १८३१ची प्रस्तावना आणि पहिली काही प्रकरणं वाचा, संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही. मागवताना मुखपृष्ठावर जाऊ नका, आत बघा. १८३१च्या मजकुरात १ ते २४ अशी सलग प्रकरणं असतात. मूळ आवृत्तीत तीन खंड आणि दर खंडात प्रकरणं पुन्हा १पासून. काही प्रकाशक १८१८चा मजकूर छापून पुरवणीत १८३१चे बदल देतात. तशी प्रत मिळाली तर गटासाठी तीच घ्या. पुढच्या बैठकीला ओकच्या झाडाचा प्रसंग दोघींनी आपापल्या प्रतीतून मोठ्याने वाचा, आणि चर्चा तिथूनच सुरू करा.